संतोषने वाचवलेलं पाऊल

“ताई, रविवारी खेळू द्या. नंतर हवं तर पाय कापून टाका.”

“पाय कापायचा नसतो, त्याला विश्रांती द्यायची असते. झोप उताणा.”

संतोष गायकवाड माझ्या निगडीच्या क्लिनिकमध्ये टेबलावर आडवा झाला. मी फिजिओथेरपिस्ट. इथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचे खेळाडू तपासते. क्लब लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये आहे आणि संतोष त्याचा मिडफिल्डर. म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात धावायचं, समोरच्याकडून बॉल काढायचा, आपल्या माणसाला द्यायचा. गोल दुसरा मारतो. फोटोही त्याचाच येतो.

संतोषला ग्रॉइन स्ट्रेन होता. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ताणला गेला होता. मी सामने आणि पळणं बंद केलं होतं, प्रॅक्टिसला तो फक्त हजेरीपुरता जायचा, तरी दुखणं हटेना.

कोच शिंदे सरांनी फोनवरच निकाल दिला. “पस्तिशीला आलाय तो. पुढच्या सीझनला नको. तुम्ही अनफिट लिहून द्या.”

मी तसं लिहिलं असतं तर त्याचा फुटबॉल तिथेच संपला असता.

“आधी कारण शोधते,” मी म्हटलं.

न खेळताही दुखतंय, म्हणजे गडबड मैदानावर नव्हती. संतोष चाकणला एका कंपनीत मशीनवर असतो. मी त्याच्या डावीकडे स्टूल ठेवलं, उजवीकडे टेबल होतंच. हातात पाण्याची बाटली दिली. “हा तुझा जॉब. मशीनवर कसा चढवतोस, दाखव.” जॉब म्हणजे मशीनवर लावायचा लोखंडी भाग.

त्याने बाटली स्टुलावर ठेवली, तिथून उचलली, कमरेतून गर्रकन वळला आणि टेबलावर ठेवली. पाय जागचे हलले नाहीत.

“पाऊल का टाकत नाहीस?”

“वेळ जातो ना, ताई. टार्गेट लवकर संपलं की सुपरवायझर लवकर सोडतो. प्रॅक्टिसला उशीर झाला तर शिंदे सर टीमबाहेर काढतात.”

मैदानभर पळणारा माणूस मशीनवर एक पाऊल वाचवत होता, तेही मैदानावर वेळेत पोचायला. दिवसभर सगळा पीळ त्याच स्नायूवर.

मी सरांना फोन लावला. “सर, त्याची मांडी तुमच्या नियमामुळे दुखतेय.”

“नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम.”

“सगळे चाकणहून येतात का?”

“अहो, एकाला सूट दिली की बाकीची पोरं शेंडी लावतात. ट्रॅफिक सांगतात आणि टपरीवर चहा पितात.”

“उशिरा आला तर शेवटी तेवढाच वेळ जास्त थांबवा.”

“पंधरा मिनिटं. वर एक मिनिट नाही.”

त्या रविवारी संतोष बेंचवर तोंड पाडून बसला. मी लक्ष दिलं नाही. रोज व्यायाम आणि मशीनवर पाऊल टाकूनच वळायचं, एवढं बजावलं. हळूहळू दुखणं थांबलं.

सीझनचा शेवटचा सामना हरलो असतो तर क्लब आणखी खाली गेला असता. संतोष पूर्ण वेळ खेळला. सामना बरोबरीत सुटला, क्लब टिकला. फोटो गोलकीपरचा आला.

शिंदे सरांनी त्याला गाठलं. “पुढच्या सीझनला येतोयस ना रे?”

“येतो की. पण उशिरा येईन, सर.”

तेव्हापासून कुठलाही खेळाडू लंगडत आला की त्याचा खेळ मी नंतर विचारते. आधी विचारते, कंपनीत कुठल्या मशीनवर आहेस?