वाढत्या मापाचे फिन्स

लेक स्कूबा डायव्हिंग शिकायला मालवणला निघालीय, म्हणून तिच्यासाठी फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी पंजे, घ्यायला गेले. दुकानदारानं खोकं उघडलं आणि कोऱ्या रबराचा वास आला. त्या वासानं मी थेट लहानपणीच्या गावी, सिरसाळ्यात, शोभीच्या अंगणात जाऊन पडले.

शोभी माझ्या वर्गातली. तिचे वडील साखर कारखान्याचे संचालक. ऐन दुष्काळात त्यांनी मुंबईहून तिला असलेच निळे फिन्स आणले. ज्या विहिरीत मी पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, तिचा तळ भेगाळला होता. आम्ही घागरी घेऊन टँकरमागं पळायचो आणि ही बया, जिला पोहताही येत नव्हतं, फुफाट्यात बदकासारखी फिरायची. फटाक, फटाक.

"पानी न्हाई तर कावून आनले गं?" मी जळून विचारलं.

"पानी येईल की. बापूंनी वाढत्या मापाचे आनलेत."

एकदाच तिनं मला ते घालू दिले. माझ्या पायात असे बसले, जणू माप माझंच घेतलं होतं. टाचेला रबराचा तो गच्च, गरम वेढा. "काढ आता," शोभी लगेच म्हणाली.

आज मीही सवयीनं दुकानदाराला म्हणाले, "एक नंबर मोठे द्या, वाढतं वय आहे."

"नको ताई. सैल फिन्स पाण्यात पायातून निसटतात."

म्हणजे विहीर भरली असती, तरी शोभीचे निसटलेच असते! इतक्या वर्षांनी काळजात काय गार वाटलं म्हणून सांगू.

माझे नसते निसटले.