प्रेमाताईंनी बांधलेलं मुंगळ्यांचं घर

घाटकोपरला स्टेशनजवळ एका माडीवर आमची दातांची लॅब होती. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन आमच्याकडे पाठवायचे आणि त्यावरून आम्ही कवळ्या बनवायचो. मी तिथे लागले तेव्हा जेमतेम विशीची होते. माझ्या शेजारच्या टेबलावर प्रेमाताई हडकर बसायच्या. मेण आणि प्लास्टर प्रेमाताईंच्या हातात आलं की त्यांचं ऐकायचंच. पण मला त्यांची दुसरीच गोष्ट आवडायची. कवळी टोचते म्हणून परत आली की आम्ही बाकीचे पेशंटला नावं ठेवायचो. प्रेमाताई कवळीवरून अंगठा फिरवत राहायच्या. "तोंड त्याचं हाय तसंच असणार. आपलंच काहीतरी चुकलंय," असं म्हणून टोचणारी जागा सापडल्याशिवाय त्या उठत नसत.

त्यांचे यजमान धोंडू गिरणीत होते. संपानंतर कामावर परत घेतलं नाही, तेव्हा ते मालवणकडे गावी शेती बघायला गेले. मुलगी लग्न होऊन दहिसरला. प्रेमाताई असल्फ्याच्या चाळीत एकट्या राहायच्या. एकट्या म्हणजे आपलं म्हणायला. घरात मुंगळे होते ना!

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात दोरीवरच्या साडीवर त्यांना एक काळी, जाडजूड मुंगी दिसली होती. पंख नुकतेच गळालेले. दुसऱ्या कुणी झटकून टाकली असती. प्रेमाताईंना वाटलं, ही नवी राणी आहे, शिरायला जागा शोधतेय. त्यांनी तिला काचेच्या नळीत घेतलं, तळाला ओला कापूस घातला आणि नळी कपाटात अंधारात ठेवून दिली. तिने अंडी घातली. त्यातून अळ्या झाल्या, अळ्यांचे कोश झाले.

"साखर ठेवली तर शिवली पण नाही गं," प्रेमाताई मला सांगायच्या. "स्वतः उपाशी आणि पोरांना तोंडातलं काढून भरवते. एकटी बाई, सगळं उभं केलं तिने."

पुढे नळी पुरेना, तेव्हा त्यांनी मातीने भरलेली काचेची बरणी आणली. शहाऐंशीपर्यंत त्या बरणीत शेकड्यांनी मुंगळे झाले होते. साखरपाणी आणि सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, एखादा तुकडा मिळाला की खूश. बरणीवर काळं फडकं असायचं. ते बाजूला केलं की काचेला लागून खोदलेली त्यांची भुयारं दिसायची.

त्या उन्हाळ्यात बरणीला बुडाशी तडा गेला. मातीला बुरशी आली आणि मेलेल्या मुंगळ्यांचा ढीग रोज वाढायला लागला. प्रेमाताईंचं जेवणात लक्ष लागेना. एक दिवस त्या आमचे मालक श्यामकांत यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, थोडं प्लास्टर पाहिजे. मुंगळ्यांना घर बांधायचंय."

श्यामकांत हसले नाहीत. "गुलाबी मेण पण घ्या," म्हणाले. "काम सुटल्यावर इथेच करा."

प्रेमाताईंनी ते घर कवळीसारखंच बनवलं. आधी मेणाच्या खोल्या केल्या, काही मोठ्या, काही चिंचोक्याएवढ्या, आणि मेणाच्याच वळ्यांनी त्या एकमेकींना जोडल्या. त्यावर प्लास्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर पालथं करून गरम पाण्याने मेण वितळवून काढलं आणि आत पोकळ खोल्या, वाटा तयार झाल्या. एका टोकाला पाणी घालायला खळगा ठेवला. वर काच आणि काचेवर लाल जिलेटीनचा कागद. "लाल उजेड त्यांना कळत नाही. आपल्याला दिसेल, त्यांना अंधारच वाटेल," त्या म्हणाल्या. घर पाण्यात भिजवून भिजवून त्यांनी प्लास्टरचा वास घालवला आणि ते उन्हात वाळवलं.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. बरणीच्या झाकणाला भोक पाडून त्यांनी सलाइनची नळी आत सोडली आणि तिचं दुसरं टोक नव्या घराला जोडलं. खळग्यात पाणी घातलं आणि बरणीवरचं फडकं काढून टाकलं. जुन्या घरात उजेड, नव्यात अंधार. आता येतील म्हणून आम्ही दोघी बसून राहिलो.

चार-पाच मुंगळे नळीतून आले, मिशा हलवत खोल्यांतून फिरले आणि परत गेले. पुढचा सगळा आठवडा तेच.

शेजारच्या शेवंतीला हे काही पटेना. दारातूनच ती म्हणाली, "बरणी फोड आणि ओत ना गं सगळे त्यात. किती लाड ते!"

"ओतायला काय तांदूळ आहेत ते?" प्रेमाताई म्हणाल्या. "असे ओतले तर राणी चिरडेल, अंडी फुटतील. आणि आपल्या पायाने आले तरच राहतील."

"मग बस वाट बघत."

त्या नुसत्या वाट बघत बसल्या नाहीत. नव्या घरावर ओणव्या होऊन त्यांनी कोपरा न् कोपरा पाहिला. काचेला आतून दव धरलं होतं. मग कपाळावर हात मारला. "वाट लावली मी! पाणी जास्त झालंय. ओलेत्यात कोण संसार थाटेल?"

त्यांनी काच उघडून घर पुन्हा वाळवलं आणि या वेळी खळग्यात मोजके थेंब घातले, त्यामुळे एकच टोक दमट राहिलं. चमच्याने बरणीतली बरी माती काढून प्रत्येक खोलीत चिमूट चिमूट टाकली. ओळखीचा वास यावा म्हणून.

पुढच्या रविवारी मी पोचले तर प्रेमाताई जमिनीवर पालथ्या पडून बघत होत्या. "बघ, बघ, निघाले!" मुंगळे कोश तोंडात धरून नळीतून चालले होते. रांग तुटतच नव्हती. शेवंतीही हातातलं लाटणं घेऊन येऊन उभी राहिली. दमट खोलीत अंडी, कोरड्या खोलीत कोश, अशी मुंगळ्यांनी लावालाव सुरू केली.

आणि मग रांग अडली. राणी नळीच्या तोंडाशी आली होती. डोकं आत गेलं, पण अंड्यांनी फुगलेलं पोट काही जाईना. तीन वर्षांत ती केवढी जाड झाली होती, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती मागे फिरली. तशी मुंगळ्यांत पळापळ झाली आणि नव्या घरातले कोश उचलून ते परत बरणीकडे निघाले.

"चिमटीत धरून उचला ना तिला," मी म्हटलं.

"पोट फुटलं तर? नको." त्यांनी नळीचं तोंड बोटाने मापलं. "जयंती, लॅबची किल्ली तुझ्याकडे आहे ना? गॅसच्या शेगडीची जुनी रबरी नळी पडलीय बघ, जाड. धावत जा."

मी नळी घेऊन आले. तोवर त्यांनी झाकणाचं आणि नव्या घराचं भोक कोरून मोठं केलं होतं आणि दोन्हींत ओला बोळा कोंबला होता. नळी बदलताना काही मुंगळे सुटले आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. रक्ताचे ठिपके दिसत होते. त्यांनी हात झटकला नाही. "झटकला तर मरतील," एवढंच म्हणाल्या आणि मऊ ब्रशने एकेकाला उचलून आत सोडलं. शेवंतीने न सांगता घरून हळद आणली.

रबरी नळी काळी होती, आतलं काही दिसत नव्हतं. आम्ही तिघी नव्या घराच्या तोंडाकडे डोळे लावून बसलो. बऱ्याच वेळाने दोन मुंगळे बाहेर आले आणि त्यांच्यामागून राणीचं मोठं डोकं. ती थांबली, मिशांनी प्लास्टर चाचपलं आणि सावकाश चालत थेट दमट खोलीत जाऊन अंड्यांपाशी बसली.

"आली गं बाय!" शेवंती ओरडली. प्रेमाताई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

गणपतीत धोंडू हडकर गावाहून दोन दिवस आले होते. मी दर्शनाला गेले तेव्हा ते लाल काचेसमोर मांडी घालून बसले होते.

"ह्यांचो मुकादम खंय?" त्यांनी विचारलं.

"मुकादम नाय," प्रेमाताई म्हणाल्या.

"मगे काम कोण सांगता?"

"कोण नाय सांगणा. आपापला करतत."

ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या घर तू केलंस? एकटीन?" बायकोकडे त्यांनी असं पाहिलं की मीच नजर वळवली.

त्या घरात मुंगळे छान नांदले. एकोणनव्वदच्या थंडीत राणी मेली. आता नवी अंडी होणार नव्हती. जे उरले ते कमी कमी होत जाणार, हे प्रेमाताईंना ठाऊक होतं. श्यामकांत म्हणाले, "आता सोडून द्या बाहेर." प्रेमाताईंनी नकारार्थी मान हलवली. "बाहेर दुसरे मुंगळे ह्यांना मारतील, सर." आणि रोज सकाळी कामाला निघण्याआधी खळग्यात पाणी घालत राहिल्या. शेवटी शेवटी चार-पाचच उरले होते. त्यांच्यासाठीही साखरपाण्याचा थेंब त्या ताजा ठेवायच्या.