बोरिक पावडर आणि माझी पपई

आमचे हे काचेच्या कारखान्यात माल मिसळायला आहेत. उकळता चहा ओतला तरी तडकत नाही अशी काच तिथे बनते, आणि ती तडकत नाही ती बोरिक ॲसिडमुळे, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं. बाकीच्या नवऱ्या मुलींना त्या दिवशी काय सांगतात, देव जाणे.

तिथे वाळू, सोडा, बोरिक, सगळं काट्यावर तोलून घालतात. पसाभर इकडचं तिकडे झालं की अख्खी भट्टी वाया, म्हणून यांचा कारखान्यात भारी दबदबा. घरी आले की मात्र काट्याचा आणि यांचा संबंध संपतो. झुरळं झाली? बोरिक. कॅरमची सोंगटी सरकत नाही? बोरिक. बुटांना वास येतोय? बोरिक. एकदा माझं डोकं दुखत होतं, तर हे डबा घेऊन दारात उभे! "खबरदार," म्हटलं, "मी झुरळ नाही." गल्लीत यांना सगळे पावडरशेठ म्हणतात आणि यांना तो मान वाटतो.

या घरात माझं म्हणावं असं एकच होतं, मागच्या दाराची पपई. लेक सासरी गेली तेव्हा मी बी टोचलं. ती सुट्टीला आली की आपल्या झाडाची पपई तिच्यापुढे कापायची, एवढाच माझा हट्ट. फळं धरली, पण मेली सगळी वेडीवाकडी, टेंगळं आलेली, अंगावर चीक सुकलेला.

"बोरॉन कमी पडलंय," हे म्हणाले. मी कपाळावर हात मारला. पण यांनी बादलीभर पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवून मुळाशी ओतली, आणि काय सांगू, पुढची फळं गुळगुळीत! शेजारीण बघून गेली, तिची बहीण बघून गेली. पावडरशेठचे पाय जमिनीवर टिकेनात.

लेकीचं यायचं ठरलं आणि यांना चेव आला. मी बाजारात गेले असताना मुठीमुठीने अर्धा डबा बुंध्याशी रिकामा केला. आधी पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग करपल्या, मग पानं गळाली. फळंही कच्चीच खाली आली. पावडर धुऊन जाईल म्हणून हे बादल्यांवर बादल्या ओतत राहिले. पण झाड गेलंच.

मी तोंड शिवून बसले होते. भांडण नीट शिजू देत होते म्हणा ना. लेक यायच्या आदल्या संध्याकाळी तोंड उघडलं. "मालकाच्या काचेला काट्यावर तोलून, आणि माझ्या झाडाला मुठीने? अक्कल काय कारखान्याच्या गेटवर ठेवून येता?"

हे पायरीवर बसले होते, पाय चिखलाने भरलेले. म्हणाले, "तिथे दुसऱ्याचं असतं गं, मोजूनमापून घालावं लागतं. हे तुझं होतं. तुझ्या बाबतीत हात आखडता कसा घेऊ?"

झालं! एवढं तयार केलेलं भांडण, पुढचं सगळं विसरले. त्याचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी लेकीने मागचं दार उघडलं. समोर नुसता बोडका बुंधा. "आई, तुझं झाड गं?"

"वाळवी लागली," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा, वाळवीवर काय घालायचं ते सांगितलं नाही.