जयवंतामावशीचं दहा बाय अकरा

आठ खोल्यांचं घर सोडून एका खोलीत राहायला जायचं म्हणून हट्ट धरलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते माझ्या दारासमोर राहत होतं. जयवंतामावशी. वय विचारलं तर म्हणते, "मोठ्या दुष्काळात माझं लगीन झाल्तं, आता कर तूच हिशोब." मी कुंभार पिंपळगावच्या अंगणवाडीत पोरं मोजते, दुष्काळ मोजत नाही. त्यामुळे तो हिशोब तसाच राहिला आहे.

मावशीचं बालपण मेंढरांमागं गेलं आणि लग्नानंतरची दहा वर्षंही. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन रानोमाळ निघायचं, सगळा संसार एका घोड्याच्या पाठीवर: दोन घोंगड्या, एक भगुणं, तवा, पिठाची पिशवी आणि सगळ्यांत वर कोंबड्यांची डालगी. पुढं जमीन झाली, मोसंबीची बाग झाली, एकुलता एक मुलगा ओमप्रकाश शिकला आणि त्यानं खतांचं दुकान टाकलं. आई-बापानं उघड्यावर दिवस काढले याची त्याच्या मनाला फार टोचणी. म्हणून त्यानं घर बांधलं ते खाली चार खोल्या, वर चार, जिन्याला चकचकीत कठडा आणि पाय ठेवायची भीती वाटावी अशी फरशी. राहायला माणसं चार. मावशी, धुळाजीकाका, ओमप्रकाश आणि सून रेणुका. नातवंडं शिकायला संभाजीनगरला.

"हे घर न्हाई साधना, हे गाव हाय," मावशी मला म्हणायची. झाडत झाडत शेवटच्या खोलीत जावं तर पहिल्या खोलीत पुन्हा धूळ. चष्मा खाली, डोळे वर. आणि सगळ्यांत कहर म्हणजे नवरा सापडत नाही! रोज सकाळी चहा झाला की ती धुळाजीकाकांना फोन लावायची.

"कुठं हायेत तुमी?"

"घरातच हाय."

"ते मलाबी ठाऊक हाय. घरात कुठं?"

हे सगळं माझ्या ओट्यावर ऐकू यायचं. फोनशिवायही आलं असतं.

मागच्या वर्षी मोसंबी चोरीला जायला लागली म्हणून हे दोघं आठ दिवस बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले. परत आली तेव्हा मावशीच्या तोंडावर जे तेज होतं ते मी काशीहून परतलेल्यांच्याही तोंडावर पाहिलेलं नाही. "एका जाग्यावर बसून चहा गाळता येतो, दार लावता येतं आन् ह्यायला रागावताबी येतं. उठायचं कामच न्हाई!" त्याच आठवड्यात तिनं गवंडी बोलावला. बागेच्या कडेला, कालव्याच्या अंगाला, दहा बाय अकरा.

"मोटारीची खोली का मावशी?"

"न्हाई. माझी."

गवंडी हसला. मग मावशीच्या तोंडाकडं पाहून हसायचा थांबला आणि गुपचूप ओमप्रकाशच्या दुकानात जाऊन चहाडी करून आला.

ओमप्रकाश भडकला. "लोक काय म्हणतील? पोरानं आई-बाप शेतात नेऊन टाकले! मी काहून बांधलं मंग एवढं घर?" मावशीनं अंथरूण गुंडाळलं. आणि ती जिन्याखालच्या कोनाड्यात झोपायला गेली. खताच्या रिकाम्या पोत्यांशेजारी. पंधरा दिवस! घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा की आठ खोल्या असताना म्हातारी जिन्याखाली का. सोळाव्या दिवशी ओमप्रकाश वाकला, पण अट घालूनच.

"वास्तुशांती थाटात करायची. सगळा गोतावळा बोलवायचा. ही तुझी हौस हाय, हे समद्यांला कळलं पायजे. आन् वास्तूच्या दिवशी घरधन्यानं त्या घरात झोपावं लागतं. तुमी दोघं तिथं सुखानं झोपलात तर ऱ्हा तिथंच. जागा पुरली न्हाई तर सामान उचलायचं आन् बिनबोभाट घरी. बराबर?"

"बराबर," मावशी म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून विटा पडायला लागल्या.

वसंत पंचमीचा मुहूर्त निघाला. पत्रिका छापल्या. मावशीनं मुद्दाम ठळक ओळ टाकायला लावली होती: कृपया आहेर आणू नये. आता आपल्याकडं ही ओळ कोण वाचतं? आणि वाचली तरी तिचा अर्थ एकच, की मंडळी भारदस्त आहेत, हात हलवत गेलं तर बरं दिसणार नाही. त्यातून ओमप्रकाशनं घराचा आकार पत्रिकेत कुठं लिहिलेला नव्हता. 'नूतन वास्तू' एवढंच. लोकांनी हिशोब केला की जुनं घर आठ खोल्यांचं, तर नवं दहाचं असेल आणि बिचारं मोकळं पडलेलं असेल. मी तर समोर राहणारी, सगळं ठाऊक असलेली बाई. मीही भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेले. रिकाम्या हातानं जायला मन धजलं नाही, काय करणार!

बागेत मांडवाखाली बुंदी-पुरीचं जेवण चालू होतं आणि नव्या खोलीच्या ओट्यावर ढीग वाढत होता. डिनर सेट, पाण्याचे जग, चादरी, तसबिरी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घड्याळं, घड्याळं, घड्याळं! मावशी प्रत्येकाला हात जोडून "कशाला आणलं" म्हणत होती आणि प्रत्येकाला ते मानाचं बोलणं वाटत होतं. एवढ्यात हॉर्न वाजवत पिकअप आली. परतूरहून मावशीचे भाऊ अप्पाराव आले होते. मागं दोरीनं बांधलेलं लोखंडी कपाट.

"ताई, दोन आरशांचं आणलंय! बघत बस!"

माहेरचा आहेर. तो परत पाठवता येत नाही, बाहेर ठेवता येत नाही आणि उंबऱ्याच्या आत सगळ्यांच्या आधी तोच जावा लागतो. आठ जणांनी कपाट धरलं. उभं जाईना, आडवं जाईना. शेवटी तिरपं करून, दाराची चौकट खरवडून, "जरा डावीकडं, अहो तुमचं डावं न्हाई, माझं डावं" असं करत ते आत शिरलं आणि एका आरशात मावशीची चूल, दुसऱ्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी हसून हसून ओट्यावरच बसले. मग लोकांचा आहेर उघड्यावर कसा ठेवायचा, म्हणून बाकीचाही आत रचला. चार वाजता खोलीत मुंगीलाही कूस बदलायला जागा उरली नव्हती.

मावशी स्वतःच्या घराच्या बाहेर उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता मात्र माझं हसू आटलं.

ओमप्रकाश शेजारी येऊन उभा राहिला. "मी काय बोललो का आई? मी काहीच बोलून न्हाई राह्यलो." असं बोलताना त्याला गालातल्या गालात जे हसू येत होतं, त्याबद्दल मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे म्हणून वाचला.

तिकडं मांडवाच्या तोंडाशी रेणुका निघालेल्या बायकांना हळदी-कुंकू लावत होती. मावशी डोळे पुसत तिच्याकडं पाहत होती. पाहता पाहता तिचे डोळे बारीक झाले.

"रेणुका! रथसप्तमी कधी हाय गं?"

"परवा, आत्या."

"म्हंजे संक्रांतीचं वाण अजून देता येतंय?"

"येतंय की. परवापर्यंत."

"मंग माझं यंदाचं राह्यलंच हाय!" मावशीनं पदर खोचला आणि मांडवाच्या मधोमध उभी राहून मेंढरांना घालायची ती हाक घातली. "एकीनंबी हालायचं न्हाई! वाण घेतल्याबिगर कुणी जायचं न्हाई!"

आणि मग जे सुरू झालं ते लिहायला मला दोन हात कमी पडतात. शंभरेक बायका ओळीत. रेणुका हळद-कुंकू लावतेय, मी तिळगूळ म्हणून उरलेली बुंदी देतेय, धुळाजीकाका खोलीतून एकेक वस्तू काढून पुढं सरकवतायत, आणि मावशी हाताला जे लागेल ते ओटीत घालतेय. डिनर सेट आणणारीला तसबीर, तसबीर आणणारीला चादर. आहेर परत केला असता तर साता पिढ्यांची भांडणं लागली असती, पण वाण नाकारायची कुणाची टाप? खालच्या आळीतल्या सगुणाबाईंना सहा खुर्च्या मिळाल्या. "अगं मावशी, वाण म्हंजे वाटी असती, चमचा असतो!" त्या ओरडल्या. "यंदा खुर्च्याच निघाल्या बाई, घे जल्दी, मागं बाया हायेत," मावशी म्हणाली. मला घड्याळ मिळालं. माझं नव्हतं, माझ्यापेक्षा बरं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. बायका डोक्यावर खुर्च्या, काखेत जग घेऊन खिदळत बांधावरून निघाल्या, आणि ज्यांना काही मिळालं नाही त्या दोन-चार पुरुषांची तोंडं उतरली.

राहिलं कपाट. अप्पाराव त्याला टेकूनच उभे होते, मांडव घालणाऱ्यांनी सुद्धा त्याला हात लावू नये म्हणून.

मावशीनं रेणुकाला समोर उभं केलं. तिच्याच करंड्यातली हळद तिला लावली, कुंकू लावलं, आणि कपाटाची किल्ली तिच्या ओटीत टाकली. "हे तुझं वाण."

"ताई! मी दिलेलं दुसऱ्याला?" अप्पाराव लालबुंद.

"दुसरी कोण हाय इथं? माझी सून हाय. माझ्या माहेरचं तिला न्हाई द्यायचं तर कुणाला देऊ?"

अप्पारावांनी कपाटावरचा हात काढला आणि ते स्वतःच हसायला लागले. "चला रे, धरा. आठजणांनी घातलं, आता आठजणांनी काढा." रेणुका माझ्या कानाला लागली, "वैनी, आरशाचं कपाट मला पहिल्यापासून पायजेच होतं."

दिवस कलायला लागला तेव्हा खोलीत दोन घोंगड्या, चूल आणि पाण्याचा माठ एवढंच होतं. धुळाजीकाका भिंतीला पाठ लावून बसले, मावशी समोर बसली. "कुठं हायेत तुमी?" तिनं विचारलं. काका म्हातारपणी लाजले, हो!

मांडववाल्याला वाटेला लावून ओमप्रकाश आला. दारात उभं राहून त्यानं खोलीभर नजर फिरवली. स्वतःच घातलेल्या अटीत तो हरल्यातच जमा होता, तेव्हा चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. चौकटीला टेकला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "समद्यांचं झालं आई. बाबाची जागा हाय, तुझी हाय. मी आलो तर मी कुठं बसू? माझ्यापुरतं तू काहीच न्हाई ठेवलं."

एवढं सगळं होऊन त्याला हे खात होतं, आणि आम्ही लेकाचे त्याला लोकांच्या बोलण्याला भ्यालेला समजत होतो.

मावशीनं हातानंच घोंगडी झटकली. "ये. जरा आडवा हो इकडं. सकाळपासून उभाच हायेस."

"न्हाई आई, मांडवाचं..."

"आडवा हो म्हणलं ना."

तो आडवा झाला. आई आणि बापाच्या मधोमध, खतांचा व्यापारी, चाळीस पार केलेला गडी, गुडघे पोटाशी घेऊन. दोन मिनिटांत घोरायला लागला. धुळाजीकाका तोंडावर उपरणं धरून हसत होते.

रेणुका कपाट पोचवून आली आणि दारात थबकली. "आत्या, आता ह्यायला उठवायचं कसं? घरी न्यायचंय."

मावशीनं त्याच्या केसांवर हात ठेवला होता. "काहून उठवतीस? मावला की."