नागीण उठली त्या आठवड्यात

नात तापली तेव्हा आम्ही गोवर समजून तिला आठ दिवस घरातच ठेवली. चार वर्षांची पोर. डोळे लाल, ओठ फुटलेले. बोटांच्या टोकांची साल निघायला लागली तेव्हा कुठे मुलगा तिला धसईहून मुरबाडला आणि तिथून कल्याणला घेऊन पळाला. गोवर नव्हताच. रक्ताच्या नळ्यांना सूज आली होती. रक्त तपासलं तर सूज दाखवणारा तो सीआरपी केवढा तरी वाढलेला, आणि इकोमध्ये हृदयाची एक नळी फुगलेली. सलाइनमधून मोठं औषध दिलं, ताप उतरला, फुगवटा राहिला. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज अ‍ॅस्पिरिनची बारकी गोळी. डॉक्टरांनी बजावलं, ही चालू असताना कांजिण्या होता कामा नयेत, जिवावर बेतेल. आणि त्या मोठ्या औषधामुळे कांजिण्यांची लसही इतक्यात देता येणार नाही.

मुलगा-सून तिकडेच खोली घेऊन राहिले. दोन महिन्यांनी रविवारी तिला आणणार होते. मी तांदूळ दळून ठेवले, अंगण सारवलं. आणि गुरुवारी माझ्या कमरेवर फोड उठले. काय आग होती, बाई!

शेजारीण म्हणाली, "नागीण हाय गो. गेरू लाव नि गप बस. लुगड्याखाली कोण बघतंय?"

पण दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "आजी, यातून बारक्या पोरांना कांजिण्या होतात. फोड सुकून खपल्या धरेपर्यंत लांब राहा."

खरं सांगते, दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. शनिवारी सकाळी मीच मुलाला फोन लावून सांगितलं.

मुलगा म्हणाला, "मग नाय येत आमी, आई."

तेवढ्यात पोरीनं फोन ओढून घेतला. "आजी, मी नुसती कोंबडी बघते. तुला हात नाय लावनार. देवाशप्पथ!"

"तू नाय गो लावनार," मी म्हटलं, "पन मी लावीन ना."

ती रडली, मग फोन ठेवला. रविवारी मी दार ओढून घेऊन आतच बसले. मुरबाडहून येणारी रोजची जीप फाट्यावर थांबल्याचा आवाज आला तरी उठले नाही. त्या पिठाचे घावणे चार दिवस मी एकटीच खात होते.