प्रोजेक्टरवरच्या अक्षता

कुंताबाईंनी करडीच्या शाळेत अकरा वर्षं पोरं शिकवली. चौथीतलं पोर त्यांच्या हाताखालून गेलं की त्याचे पाढे कुठे अडखळत नसत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागदावर बाई ‘अप्रशिक्षित’ होत्या, आणि सरकार कागद वाचतं, पोरांचे पाढे ऐकायला येत नाही. एकोणऐंशी साली वरून पत्र आलं, की दोन वर्षांत प्रशिक्षण पुरं करा, नाहीतर नोकरी संपली असं समजा. तेव्हा वयाच्या पस्तिसाव्या वर्षी बाईंनी दोन लेकरं आणि धानाची शेती नवऱ्याच्या हवाली केली, भंडाऱ्याला एक खोली भाड्याने घेतली आणि तिथल्या एका अध्यापक विद्यालयात अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत जाऊन बसल्या.

पोरी त्यांना मावशी म्हणत आणि पाठांची टाचणं उतरवून घ्यायला त्यांच्याभोवती गोळा होत. बालमानसशास्त्राच्या पुस्तकात जे काही होतं, ते बाईंनी वर्गात अकरा वर्षं पाहिलेलंच होतं, फक्त त्याला एवढी मोठी नावं असतात हे माहीत नव्हतं. तक्ते करणं, मातीचे नकाशे करणं, फळ्यावर सरळ रेषेत लिहिणं, कशातच त्या कमी पडल्या नाहीत. अडचण एकच होती, आणि ती साधनकक्षातल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलेली होती.

तो होता स्लाइड प्रोजेक्टर. विद्यालयात एकच होता. साधनकक्षाचे प्रमुख लक्ष्मणराव सर, आंधळगावचे. माणूस सरळ, पण त्या यंत्राच्या बाबतीत भलताच कडक. कपाटाची किल्ली त्यांच्या रुमालाच्या टोकाला बांधलेली असे आणि रुमाल खिशात. वर्षातून दोनदा ते यंत्र टेबलावर काढत, त्यावरचं विणलेलं झाकण उचलत आणि म्हणत, “लांबून पाहा. हात लावाचं काम नाही.” हात न लावता ते शिकायचं कसं, असं कोणी विचारलं नाही. परीक्षेत आकृती काढली की भागत असे. भिंगाला क, दिव्याला ख, पंख्याला ग. असल्या शिक्षणाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा, पण पोरं त्यात पास होत होती.

कुंताबाईंना तर ही सोयच वाटे. त्यांना विजेचं भारी भय होतं. करडीला त्यांच्या घरी वीज येऊन चार वर्षं झाली होती, पण बाई अजून दिव्याचं बटण वाळल्या काठीने दाबत. त्यासाठी एक काठी दाराशी ठेवलेलीच असे. नवरा तेजराम हसायचा, पोरं हसायची, बाई काठी सोडत नव्हत्या.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी विळे, कुऱ्हाडी, नांगर धुऊन मांडतात, तसं विद्यालयात सगळं साहित्य मोठ्या टेबलावर मांडलं. शाळेची घंटा, पृथ्वीचा गोल, हार्मोनियम, हातोडी, करवत आणि मधोमध प्रोजेक्टर. पूजा कोणी करायची, तर सगळ्यात वडील म्हणून कुंताबाईंनी. बाईंनी ती मन लावून केली. घंटेला कुंकू लावलं, गोलाला लावलं, हार्मोनियमला लावलं. प्रोजेक्टरपाशी क्षणभर थांबल्या, कारण याचं कपाळ कुठे हे कळेना. मग समोर जो गोल काचेचा भाग होता तिथे अनामिकेने ठसठशीत कुंकू लावलं. वर जाळीसारख्या फटी होत्या. तिथे ओंजळभर अक्षता वाहिल्या आणि मनात म्हणाल्या, बाबा, तू तुझ्या कपाटात सुखी राहा, माझ्या वाट्याला येऊ नको. लक्ष्मणराव सर बाजूला डोळे मिटून, हात जोडून उभे होते. 

देवाने अर्धंच ऐकलं असावं. फेब्रुवारीत बातमी आली, की वार्षिक पाठ परीक्षेला नागपूरचे बहिःस्थ परीक्षक येणार आहेत आणि त्यांना एक पाठ प्रोजेक्टरवर हवा आहे. सरांचा चेहरा उतरला. दिवाळीपासून ते यंत्र कपाटाबाहेर काढतच नव्हते. कोणी विचारलं तर कधी बल्ब नाही म्हणत, कधी लाईटचा भरवसा नाही म्हणत. आता काढणं भाग होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि कुंताबाईंचं नाव निघालं. चौथीचा वर्ग, विषय बेडकाचा जीवनक्रम. हा पाठ पडला की बाई नापास, आणि नापास म्हणजे अकरा वर्षांची शाळा गेली. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सरावाला बसल्या. काठी नव्हती, म्हणून पदर बोटाभोवती गुंडाळून बटण दाबलं. दिवा लागला. पहिली स्लाइड घातली तर भिंतीवर बेडूक पाय वर करून लोंबकळत होता. सर तुटकपणे म्हणाले, “उलटी घालाची, बाई. इथं उलटी घातली का तिकडे सुलटी येते.” हे बाईंना लगेच समजलं. करडीच्या तलावात काठावरची झाडं उलटीच दिसतात. पण समजलं म्हणून जीव हलका व्हावा, तेवढ्यात दोन गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. भिंतीवरचा बेडूक हिरवा नव्हता, अर्धा तांबडा होता. आणि यंत्रातून खडखड आवाज येत होता, त्याबरोबर काहीतरी करपल्याचा वास.

तांबडा रंग कशाचा, हे त्यांना विचारावं लागलं नाही. भिंगावर त्यांच्याच बोटाचा ठसा होता. चार महिने झाकणाखाली जसाच्या तसा राहिलेला.

सरांनी झटकन प्लग ओढला. “लाईट कमी-जास्त होऊन राहिली,” एवढंच बोलले, बाईंकडे न पाहता यंत्र कपाटात ठेवलं आणि किल्ली रुमालाला बांधली.  सांगावं तर सरकारी यंत्र बिघडवल्याचा रिपोर्ट जाणार. न सांगावं तर मंगळवारी परीक्षकासमोर तांबडा बेडूक आणि खडखड. दोन्हीकडून नोकरीच जात होती.

शनिवारी त्या एसटीने करडीला गेल्या. शेतात लाखोळी डाळीचं पीक उपटायचे दिवस होते. तेजराम बांधावर बसून भाकर खात होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं आणि रडल्या. तेजराम काही शिकलेला नव्हता, पण पाण्याच्या इंजिनाशी त्याची रोजची झटापट असे. त्याने शांतपणे घास संपवला.

“खडखड करते का चूप आहे?”

“खडखड करते.”

“मंग मोडली नाही. मोडली असती तं चूप राहिली असती. आतमंधी काही अडकलं आहे. काय टाकलं होतं तू?”

“अक्षता,” बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांना करपल्याचा तो वास ओळखता आला. तो तांदूळ तव्यावर राहून गेला की येतो तोच वास होता.

“सांगून दे मास्तरले,” तेजराम हात धूत म्हणाला. “अन् खोलून पाहा. कायले रडून राहिली?”

सोमवारी सकाळी विद्यालय भरायच्या आधी बाई साधनकक्षात गेल्या. लक्ष्मणराव सर एकटेच बंद कपाटासमोर स्टुलावर बसले होते. दाढी केलेली नव्हती. बाईंनी जास्त विचार केला असता तर परत फिरल्या असत्या, म्हणून उंबऱ्यातूनच बोलल्या.

“सर जी, मशीन मी बिघडवली. खंडेनवमीले कुंकू भिंगाले लावलं. अक्षता त्या फटीतून आत गेल्या. रिपोर्ट कराचा असन तं करा, पण आधी खोलून पाहा.”

सर स्टुलावरून उठले. मग विचारलं, “खंडेनवमीले? दिवाळीच्या आधी?”

“हो जी.”

सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि एवढा मोठा श्वास सोडला की बाई घाबरल्या. मग ते हळूहळू बोलले. दिवाळीत त्यांनी यंत्र गुपचूप आंधळगावला नेलं होतं. म्हाताऱ्या आईला अजिंठा पाहायचा होता आणि तिला प्रवास झेपत नव्हता, म्हणून भिंतीवर दाखवला. तिथे खडखड सुरू झाली. “मले वाटलं, एसटीत आदळून माह्याच हातानं मोडली. तीन महिने झाले बाई, धड झोप नाही मले. सरकारी वस्तू घरी नेली म्हणून कोणी विचारलं तं काय सांगू?”

“अन् चित्रं तांबडी नाही दिसली?”

“दिसली ना. मले वाटलं, अजिंठा तसाच असन.”

बाईंना हसू आवरेना. सरही हसले, आणि मग दोघं इतके हसले की बाहेर अंगण झाडणाऱ्या गिरजाबाईंनी डोकावून पाहिलं. दोन घाबरलेल्या माणसांचं ओझं एका दमात उतरलं होतं. बाईंना तर वाटलं, आता नापास झाले तरी चालेल, एवढं हलकं वाटून राहिलं आहे.

पण नापास व्हायचं काही कारण नव्हतं. सरांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाले, “खरं सांगतो, मी हे कधी खोललो नाही. मले खोलता येत नाही. नागपूरचा माणूस आला होता, त्यानं एकदा दाखवलं, तेवढंच. म्हणून तं कोणाले हात लावू देत नाही.”

“मलेही येत नाही जी. पण चार स्क्रू दिसून राहिले.”

प्लग काढलेला आहे ना, हे बाईंनी तीनदा पाहिलं. सरांनी स्क्रू काढले, बाईंनी ते ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर मांडले. मागचं झाकण निघालं. आत पंखा होता, आकृतीतला ग. त्याच्या पात्यापाशी तांदळाचे दाणे अडकले होते, काही कुंकवाने अजून लाल, काही दिव्याच्या उष्णतेने करपून काळे. बाईंनी यंत्र तिरपं धरायला सांगितलं आणि सुपातले खडे वेचावे तसे केसांतल्या आकड्याने एकेक दाणा वेचला. भिंग सरांनी जुन्या मलमलीने पुसलं. झाकण बसवलं, प्लग लावला. सर म्हणाले, “तुम्ही दाबा.” बाईंनी पदर गुंडाळला, मग कोण जाणे काय वाटलं, सोडून दिला, आणि उघड्या बोटाने बटण दाबलं. पंखा घुं घुं करत फिरला. भिंतीवर हिरवा बेडूक, पायावर बसलेला.

त्या दिवशी बाईंनी संध्याकाळपर्यंत वीस वेळा स्लाइड घातल्या आणि काढल्या. कोणी लांबून पाहा म्हटलं नाही.

मंगळवारचा पाठ छान झाला. अंड्यांतून पिल्लं आली, पिल्लांना पाय फुटले, शेपूट गेलं आणि मोठा बेडूक भिंतीवर आला तेव्हा चौथीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक मात्र कोरड्या चेहऱ्याचे होते. पाठ संपल्यावर त्यांनी तोंडी प्रश्न विचारला, “समजा बाई, तुमच्या खेड्यातल्या शाळेत हे यंत्र बिघडलं. दुरुस्त करणारा नागपुरात. तर तुम्ही काय कराल?”

पुस्तकातलं उत्तर बाईंना पाठ होतं, बल्ब तपासणे, तार तपासणे. लक्ष्मणराव सर मागे भिंतीशी उभे होते आणि त्यांचा हात खिशातल्या रुमालावर होता.

“आधी सांगीन, सर,” बाई म्हणाल्या. “मग उघडीन.”

“सांगाल? कोणाला?”

“ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना. तेही भीत असतात.”

परीक्षकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, थोडं हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर सरांनी रुमालाची गाठ सोडली, दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि किल्ली त्यावर अडकवली. उद्यापासून ज्याचा सराव असेल त्याने घ्यावी, असं त्यांनी पोरांना सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. बाई पास झाल्या आणि करडीची शाळा त्यांचीच राहिली. कागद घेऊन त्या घरी पोहोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. तेजरामने कागद हातात घेतला, पण अंधारात दिसेना, म्हणून बायकोच्या हाती द्यायला तो दाराशी काठी चाचपू लागला.

“काठी कुठं गेली व?”

“चुलीत घातली मागच्या खेपेला, निघताना,” कुंताबाई म्हणाल्या, आणि बोटाने बटण दाबलं.