रथाच्या दोन चाकांवरचे भाऊ

बारावीनंतर मी शिरपूरहून जळगावला डी.एड. करायला आले आणि फुईकडे राहिले. फुई म्हणजे माझी आत्या. आमच्याकडे फुईच म्हणतात. तिचं घर जुन्या गावात होतं. फुवा, म्हणजे तिचे यजमान, सुतार. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दारं, चौकटी, पलंग असं काम चालायचं, आणि माझ्या वह्यांमध्येही लाकडाचा भुसा सापडायचा.

भिंतीला भिंत लावून फुवांच्या धाकट्या भावाचं घर. तेही सुतारच. हे दोघे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी चुकून काही बोलून जाऊ नये म्हणून फुईने पहिल्याच आठवड्यात मला कारण सांगून ठेवलं. त्यांची आई अचानक फार आजारी पडली तेव्हा फुवा कामासाठी भुसावळला होते. धाकट्याने वाट पाहिली नाही. आईला जीपमध्ये घातलं आणि धुळ्याच्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. फुवा घरी आले तर दाराला कुलूप, सगळे धुळ्याला गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. ते धुळ्याला पोचले तोवर आई गेली होती. धाकटे म्हणत, थांबलो असतो तर ती घरातच गेली असती. फुवा म्हणत, भुसावळला एक माणूस पाठवायला काय झालं होतं? मला दोघांचंही पटायचं.

जावा मात्र बोलायच्या. भाजीची वाटी भिंतीवरून इकडून तिकडे जायची. अबोला फक्त भावाभावांचा होता.

वर्षातून एक दिवस तोही सुटायचा. कार्तिकी एकादशीला जळगावात रथ निघतो. लाकडी, उंच, झेंडूच्या माळांनी आणि केळीच्या खांबांनी मढवलेला. लोक दोर धरून ओढतात, पण त्याला वळवायला काही नसतं. चाकाखाली लाकडी पाचर घालूनच तो वळवायचा किंवा थांबवायचा. तिला मोगरी म्हणतात. फिरत्या चाकासमोर वाकून मोगरी नेमक्या जागी घालायची आणि नेमक्या वेळी काढायची. पुढच्या उजव्या चाकावर फुवा आणि डाव्या चाकावर धाकटे, हे त्यांच्या वडिलांपासून ठरलेलं. त्या दिवशी दोघांना एकमेकांना हाक द्यावीच लागायची. 'लाव', 'काढ', 'धर', एवढेच शब्द. रथ जागेवर आला की पुन्हा वर्षभर गप्प.

पाऊस संपला आणि भाद्रपदाच्या पुनवेला गल्लीत गुलाबाईची मातीची मूर्ती बसली. महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत जायच्या आणि डब्यातली खिरापत ओळखायच्या. त्याच दिवसांत फुवा नवीन मोगऱ्या करायला बसले. बाभळीचं लाकूड आणून ठेवलेलं होतं. एक दिवस मी कॉलेजातून आले तर त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं.

"पोरी, एवढी रेघ आखून दे."

मला गंमत वाटली. चाळीस वर्षं लाकूड कापणारा माणूस माझ्याकडून रेघ आखून घेतो! मी पट्टी लावून पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांनी करवत धरली ती रेघेपासून बोटभर लांब. मी म्हटलं, "फुवा, रेघ इकडे आहे."

त्यांनी करवत खाली ठेवली. म्हणाले, "उजव्या डोळ्याले नुसतं धुकं दिसतं. डावाही तसाच व्हायला लागला. फुईले सांगू नको. रथ होऊन जाऊ दे, मग पाहू."

मी मान हलवली. तेव्हा मला ते एखादं विश्वासाचं काम मिळाल्यासारखं वाटलं. त्यानंतर रोज मी त्यांना रेघा आखून द्यायचे आणि पेपरही वाचून दाखवायचे. फुईला वाटायचं, पोरगी फुवांची फार सेवा करते.

दसऱ्याला सगळी गल्ली आपट्याची पानं घेऊन एकमेकांकडे गेली. धाकट्यांच्या घरून काकू आली, फुवांच्या पाया पडली. फुवांनी तिच्या हातावर ठेवलेली पानं हाताबाहेर पडली. काकूने ती उचलली आणि हसून गेली. मी मात्र तिच्याकडे पाहत राहिले. तिने घरी जाऊन काही सांगितलं असेल का, असं माझ्या मनात आलं.

दिवाळी झाली. असोद्याहून फुईच्या ओळखीच्या बाईने भरताची वांगी पाठवली, हिरवी, हातभर लांब. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर ती भाजली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर बाकी सगळ्यांनी खाल्ली. फुवा मात्र जेवले नाहीत. एकादशी चार दिवसांवर आली होती. त्या चार दिवसांत मी तीनदा फुईला सांगायला गेले आणि तीनदा दुसरंच काही विचारून परत आले. ज्याला नीट दिसत नाही असा माणूस रथाच्या पुढच्या चाकाशी वाकणार, हे मला कळत होतं. पण शब्द दिला होता, आणि त्याहून खरं म्हणजे मला फुवांच्या रागाची भीती वाटत होती.

एकादशीला दुपारी रथ निघाला. मी आणि फुई एका दुकानाच्या ओट्यावर उभ्या होतो. सरळ रस्त्यावर सगळं ठीक चाललं. फुवा चाकाच्या आवाजावर चालत असावेत. उन्हं उतरायला लागली तेव्हा रथ आमच्या समोरच्या वळणावर आला. तिथे गल्ली अरुंद, एका बाजूला घरांच्या पायऱ्या. ओढणाऱ्यांनी जोर लावला. धाकट्यांनी डावीकडून हाक दिली, "लाव!"

फुवांनी मोगरी लावली ती चाकाच्या बाहेर, रिकाम्या रस्त्यावर. चाक पुढे आलं. फुवा तसेच वाकलेले, हात पुढे.

मी नुसता फुईचा हात धरला. पण धाकट्यांनी पाहिलं. ते रथाच्या पुढून, दोरांच्या मधून धावत आले, फुवांना खांद्याला धरून मागे ओढलं आणि आपली मोगरी उजव्या चाकाखाली सारली. कर्रकन आवाज करून रथ थांबला. लोक ओरडत होते. त्या गोंधळातही धाकट्यांचं बोलणं आम्हाला ऐकू आलं.

"भाऊ, तुले दिसत नही का?"

फुवा रस्त्यावर पडलेली आपली मोगरी चाचपून उचलायला लागले.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"आन कोणाले सांगितलं नही?"

धाकट्यांनी फुवांच्या हातातली मोगरी घेतली. मला वाटलं, आता ते त्यांना घरी पाठवतील. तसं झालं नाही. धाकट्यांनी डाव्या चाकावर आपला साडू उभा केला आणि स्वतः उजव्या चाकावर फुवांच्या शेजारी आले. पुढचा सगळा रस्ता फुवा चाकाच्या आवाजावरून 'आता' म्हणायचे आणि धाकटे मोगरी लावायचे. आमच्यापुढून रथ गेला तेव्हा फुवांचा हात धाकट्यांच्या पाठीवर होता. आधारासाठी होता, की आणखी कशासाठी, ते मला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी गावात डोळ्यांचं शिबिर भरलं. धाकटे फुवांना सायकलवर मागे बसवून घेऊन गेले. मोतीबिंदूच होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, उन्हाळ्याआधी दुसऱ्याचं. हिरवी पट्टी बांधून फुवा ओट्यावर बसायचे आणि धाकटे संध्याकाळी येऊन शेजारी बसायचे. आईचा विषय त्यांनी काढला का, मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी ते पाण्याविषयी, सागाच्या भावाविषयी, कोणाच्या लग्नाविषयी बोलायचे.

फुईला मी रथाच्या दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. रेघांचं, पेपराचं, शब्द दिल्याचं. मला वाटलं होतं ती माझी समजूत काढेल. तिने काढली नाही.

"मी विधवा झाली असती तर तुझ्या शब्दाचं काय लोणचं घालायचं होतं?" ती म्हणाली.

चार दिवस तिने माझा डबा भरला, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी परीक्षेला निघताना तिने हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "घरातल्या माणसाला काही होत असलं ना, तर मला सांगायचं. कोणी नको म्हटलं तरी."

मी हो म्हटलं आणि बस पकडायला पळाले.